बाची मोटरसायकल

७ जुलै १९७७, रोझ बेल

निरीक्षक आले होते. मुलांनी बाराखडी न चुकता म्हटली, एकाने तर ज्ञानापेक्षा आवाज जास्त लावला, साहेब खूश झाले. जाता जाता मला व्हरांड्यात थांबवून म्हणाले, जानेवारीपासून तुम्ही त्रियोलेला. तिथे मराठी शिकवायला कोणी उरलेलं नाही. मी "बरं साहेब" म्हटलं. नाही म्हणायची सोय कुठे असते?

त्रियोले म्हणजे बेटाचं दुसरं टोक. इथून क्युरपीप, तिथून पोर्ट लुई, तिथून पुढे तिसरी बस. दिवस बसमध्येच उगवायचा आणि तिथेच मावळायचा. सगळे म्हणतील, तिकडे खोली घे. माझं वय छत्तीस, लग्न झालेलं नाही, पाठीमागे म्हातारा बा. खोली घेतली तर त्याच्याकडे कोण बघणार?

आणि बाला सांगू कशी? माझा भाऊ सत्यदेव आठ वर्षांपूर्वी नर्सिंग शिकायला विलायतेला गेला तेव्हा बाने स्वतः त्याला मोटरसायकलवर बसवून प्लेझांसच्या विमानतळावर नेलं. पत्र्याची पेटी मागे सुतळीने बांधली होती. परत आला, गाडी शेडमध्ये ढकलली, वर गोणपाट टाकलं, आणि पुन्हा कधी तिच्यावर बसला नाही. सत्यदेव तिकडेच राहिला. बा त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, पण विमानाचा आवाज आला की खाली बघतो.

माझ्या तोंडून 'बदली' निघाली तर त्याला 'विमान'च ऐकू येईल.

१० जुलै

मला युक्ती सुचली आहे आणि मी स्वतःवर बेहद्द खूश आहे. ती मोटरसायकल दुरुस्त करायची! रोज सकाळी त्रियोले, रोज संध्याकाळी घर. मैत्रिणीची मोबिलेत, ती पायडलवाली छोटी फटफटी, मी चालवलेली आहे; पण मोबिलेतने नुव्हेल फ्रान्सचा चढ चढेपर्यंत शाळा सुटेल. ही गाडी दणकट आहे, लष्कराने विकून टाकलेली विलायती, साखरेच्या गिरणीत बाने तीस वर्षं हिच्यावरून निरोप पोचवले. गाडी तयार झाली की मगच बाला सांगायचं: बदली झाली, पण काही बदललेलं नाही. तोवर तोंडाला कुलूप.

आज गोणपाट काढलं. आत कोंबडीने संसार मांडला होता. बा शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"कुठं जायाचं हाय तुला?"

"कुठं नाही. गंजतेय बिचारी, म्हणून."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग एवढंच म्हणाला, की टाकीला पाणी लावू नको, आतून गंज चढतो, धुवायची तर घासलेटने. म्हणजे त्याचा पाठिंबा आहे. मला वाटलं होतं चिडेल.

२४ जुलै

मला इंजिनातलं काही म्हणजे काही कळत नाही. पण मी शिक्षिका आहे, न कळणाऱ्या गोष्टी पद्धतशीर कशा करायच्या ते मला येतं. जुनी चादर अंथरली, निघेल तो भाग निघेल त्या क्रमाने मांडला, शेजारी खडूने आकडे. बा स्टुलावर बसून नावं सांगतो. मधेच कुठला तरी लोखंडाचा तुकडा उचलून बोटांनी चाचपतो आणि गिरणीतल्या गोष्टी सांगायला लागतो. त्याच्या डोळ्यांत आता पडदा आलाय, पण बोटं शाबूत. पलीकडच्या रस्त्यावरून लॉरी गेली तरी सांगतो, तिसऱ्या गिअरला दात झिजलेत. आई गेल्यापासून मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात कुंतीमावशी कुंपणावरून डोकावली. शेजारीण आहे, पण घरात काय शिजतंय ते तिला आमच्या आधी कळतं. मोठ्याने म्हणाली, "काय गो इंद्राणी, त्रियोलेला मराठीची मिस पाठवणार हाय म्हणं. तू तर नाय ना जात?"

मी हसून टाळलं. म्हटलं, मावशी, तुझ्या कानाचं पण इंजिन उघडून बघायला हवं. ती हसली. बा उठून टोमॅटोला पाणी घालायला गेला. सकाळीच घातलं होतं, हल्ली विसरतो.

१४ ऑगस्ट

यंत्राला घासलेटात भिजत ठेवून आज गाडीला माझ्या मापाची केली. बा सहा फुटी होता, मी त्याच्या खांद्याला कशीबशी. बैठकीच्या स्प्रिंगा कापून ती खाली आणली. हँडल लोहाराकडून मागे वाकवून घेतलं, नाहीतर गाडी हाकताना मला नमस्कार घातल्यासारखं ओणवं व्हावं लागलं असतं. मागे वह्यांसाठी लाकडी पेटी. आणि मागच्या चाकात साडी जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातल्या मोडक्या गार्दमांझेच्या, म्हणजे दूधदुभत्याच्या कपाटाच्या, दाराची जाळी कापून चाकाला दोन्ही बाजूंनी बसवली. इतकी वर्षं त्या जाळीने दुधावरच्या माश्या अडवल्या, आता माझा पदर अडवेल.

कुंतीमावशी म्हणाली, "अयो, बाईमाणूस आणि लोखंडाचा घोडा! लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक बसमधून म्हणतील, तोवर मी पुढे गेलेली असेन.

बा जाळीवरून हात फिरवत होता. म्हणाला, रोज साडी नेसून बसायची म्हणजे लांबचं काम दिसतंय. मी म्हटलं, बाजारापर्यंत. खोटं बोलताना माझे कान गरम होतात, पण त्याला कुठे दिसतंय.

४ सप्टेंबर

आज इंजिन जोडून झालं असतं. पण बाने क्रँक हाताने फिरवून कान लावला आणि म्हणाला, बेअरिंग वाजतं, पुन्हा उघड. मला काहीच ऐकू आलं नाही. मागच्या रविवारी व्हॉल्व्ह वाजत होता, त्याच्या आधीच्या रविवारी आणखी काहीतरी. दर वेळी जोडायला घेतलं की त्याला नवा आवाज ऐकू येतो. वैताग येतो; पण जाणत्या माणसाचं ऐकावं. उघडलं. बेअरिंग पाहून तो म्हणाला, "बरं हाय म्हणायचं. पण खात्री झाली."

माझ्या नाकी नऊ आलेत. जानेवारी काही लांब नाही.

१५ सप्टेंबर

उद्या गणपती. आणि आजच माशी शिंकली.

मॅग्नेटो फिरवणारं दातेरी चाक सापडत नाहीये. पितळेचं, रुपयापेक्षा थोडं मोठं. ते नसेल तर ठिणगी नाही आणि ठिणगी नाही तर गाडी म्हणजे कोंबडीचं घर. काल चादरीवर होतं, खडूचा आकडा अजून तिथे आहे, चाक नाही. शेड झाडून काढली, कोंबडीच्या खुराड्यात हात घातला, राखेचा ढीग चाळला. बाला विचारलं तर म्हणाला, मला कुठं दिसतंय गो बाय. खरंच आहे. उगाच विचारलं, चेहरा पडला त्याचा.

कुंतीमावशी म्हणाली, घरातच असंल बघ, काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणी सांगायला काय जातं?

बा ओसरीवर माती मळत बसला होता. आमचा गणपती घरीच होतो, पणजोबांनी कोकणातून या बेटावर ऊस तोडायला येताना दुसरं काही आणलं नाही, तेवढी रीत आणली. डोळ्यांनी दिसत नाही तरी सोंड बोटांनी बरोबर वळवतो. उंदीर मात्र यंदा बिघडला. चांगला मांजराएवढा झालाय. मी म्हटलं, बा, गणपती याच्यावर बसणार की हा गणपतीवर? तो हसला नाही. पाठमोरा होऊन उंदराच्या पोटाला माती लिंपत राहिला.

१८ सप्टेंबर

नदीवर गणपती सोडला. मंडळातल्या बायकांनी फेर धरून झाकरी खेळली, मृदंग घुमला, मी रडले. दरवर्षी रडते, पण यंदा चाकासाठीही रडले असेन.

उंदीर आम्ही सोडत नाही. ही आमच्याच घराण्याची खोड: मूर्ती पाण्यात, उंदीर घरात. वर्षभर फळीवर बसून घर राखतो, पुढच्या गणपतीला नवा आला की जुना विरघळवायचा. बाने तो लठ्ठोबा दोन्ही हातांनी उचलून देवाच्या फळीवर ठेवला. वजनदार दिसला. म्हटलं, नीट धर, पडेल. "पडू नाय देणार," म्हणाला.

९ ऑक्टोबर

फिनिक्सला कृष्णदेव म्हणून एक जण मोडीत निघालेल्या गाड्या विकतो. सगळ्या शेडभर सांगाडे. माझ्या गाडीचं नाव सांगितल्यावर त्याने टोपी मागे सारली आणि म्हणाला, अशी गाडी या बेटावर आता फक्त तुमच्या स्वप्नात असेल, मादाम. पण दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं चाक कानशीने घासून त्याने जमवून दिलं. "चालेल, पण सासरी आलेल्या सुनेसारखं. किती दिवस नांदेल सांगता येत नाही." मला उपमा आवडली नाही, चाक आवडलं.

बसमध्ये ते मी मुठीत धरून बसले होते. मला भीती वाटते. ही गाडी झाली नाही तर मला बाला एकट्याला ठेवून जावं लागेल, आणि तो सत्यदेवसारखं माझंही नाव घ्यायचं बंद करेल. हे मी इथेच लिहू शकते.

२१ ऑक्टोबर

खंडेनवमी. गाडी सुरू झाली!

सकाळी मी किक मारत होते, दम निघत होता, आणि अचानक ती खोकली, धूर सोडला आणि धडधडायला लागली. कोंबड्या उडाल्या. कुंतीमावशी हातात पीठ घेऊन तशीच धावत आली. मी उसाच्या गाडीवाटेने एक फेरी मारून आले. पदर जाळीच्या बाहेर शाबूत, मी शाबूत. ऊस तोडणारी माणसं कोयते खाली करून बघत होती. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

बा दारात उभा होता, भिंतीला हात लावून. "चांगली चालते," म्हणाला, आणि आत गेला. त्याचा आवाज भरून आला होता.

मग त्यानेच पूजेचं ताट मागितलं. हळद, कुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. मी ओवाळलं आणि हात धुवायला आत गेले. परत आले तर बा टाकीचं झाकण लावत होता. हातात साखरेची वाटी, रिकामी. म्हणाला, "तोंड गोड केलं तिचं. नव्या कामाला जाती ना."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. नव्या कामाला निघणाऱ्या माणसाच्या हातावर आपण साखर ठेवतो, त्याने ती गाडीच्या तोंडात घातली. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतात ते उगाच नाही. चमचाभर साखरेने काय होतंय?

२३ ऑक्टोबर

नुव्हेल फ्रान्सच्या चढावर गाडी बंद पडली. सराव म्हणून क्युरपीपपर्यंत जाणार होते. दोन तास ढकलत आणली. कार्बुरेटर उघडला तर आत तांबूस कणांचा चिखल. चाखून बघितला. साखर. चमचाभर नव्हे, वाटीभर गेली असणार.

बाला काय बोलणार? म्हटलं, अरे देवा, पेट्रोलच्या टाकीत साखर घालतात का? तो म्हणाला, "चुकलं गो बाय. म्हाताऱ्याला काय कळतं." इतका ओशाळला की मलाच अपराधी वाटलं. तीस वर्षं साखरेच्या गिरणीत यंत्रांजवळ काढलेल्या माणसाला एवढंही आठवू नये! डॉक्टरकडे न्यायला हवं. डोळ्यांबरोबर बुद्धीलाही पडदा येतोय की काय, या विचाराने जेवण गेलं नाही.

२० नोव्हेंबर

घासलेटने टाकी किती वेळा धुतली याची गणतीच नाही. आठवडाभर बरी चालते, की पुन्हा तोच चिखल. साखर टाकीच्या तळाला चिकटून बसली आहे आणि घासलेटला दाद देत नाही. हात सोलले. वर्गात खडू धरला की झोंबतं.

बा शेडमध्ये येत नाही आता. स्टूल रिकामं असतं. मी एकटीच भागांना नावं विचारते.

११ डिसेंबर

संपलं. फिनिक्सची सून नांदली नाही. चाकाचे दात गेले. कृष्णदेव म्हणाला, दुसरं मिळणार नाही, मादाम, अस्सल असतं तर पंचवीस वर्षं पुरलं असतं.

मी गाडीवर गोणपाट टाकलं. बाने ऐकलं असावं, कारण संध्याकाळी तो कधी नव्हे तो जेवताना बोलला, दोन वेळा भात मागून घेतला. म्हणाला, आपल्या बाजारापुरती बस बरी. मला त्याच्या भाबडेपणाचा पहिल्यांदा राग आला. त्याला माहीतच नाही आमचं काय बुडालं ते.

१४ जानेवारी १९७८

आज निघाले. हे त्रियोलेत लिहिते आहे, जमुनाबाई नावाच्या विधवा बाईच्या मागच्या खोलीत. खिडकीतून ऊस दिसतो. रोझ बेललाही ऊसच दिसायचा, पण तो आपला ऊस.

बाला मी बदलीचं नाताळनंतर सांगितलं होतं. ऐकून तो फक्त "हं" म्हणाला, जसं काही आधीच ऐकलं होतं. कुंतीमावशी दोन वेळचं बघेल, शनिवार-रविवार मी येईन, सगळं समजावलं. "हं."

आज बसची वेळ झाली, पेटी दारात. माझ्याने राहवलं नाही. सहा महिने पोटात ठेवलेलं रागारागाने बाहेर पडलं. म्हटलं, "गाडी कशाला करत होते मी? हौस होती का मला? गाडी झाली असती तर खोली घ्यायची वेळच आली नसती. रोज गेले असते, रोज घरी आले असते."

बा ओसरीच्या पायरीवर खाली बसला.

"रोज?"

"रोज."

"घरी?"

"मग कुठे? तुला सोडून मी कुठे जाणार होते?"

तो हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला, तोंड उघडं, जसा उन्हाचा झटका आलेला माणूस बसतो. मी पाणी आणलं, प्यायला नाही. बस भोंगा वाजवत होती. वळणावरून मागे पाहिलं तेव्हाही तो तसाच बसलेला होता. मी त्याला असं बोलायला नको होतं. जाताना कुणी बोलतं का?

२९ जानेवारी

घरी जाऊन आले. मन खट्टू झालं.

मला वाटलं होतं बा वाळला असेल, वाट बघत असेल. कसलं काय. आपल्याच तंद्रीत. चुलीवर पाण्याचं मोठं भांडं चढवलेलं. विचारलं तर म्हणे आंघोळीला. जानेवारीच्या भर उन्हाळ्यात, दुपारी. शेडला कुलूप. किल्ली हरवली म्हणतो. देवाला दिवा लावायला गेले तर फळीपुढे चादरीचा पडदा ओढलेला. म्हणाला, धुरापासून देवाला जपतोय, तू बाहेरूनच हात जोड. नखांत काळं होतं. माझ्याशी धड बोलला नाही, फक्त दोनदा विचारलं, शाळा सुटती कधी आणि वाटेत अंधार पडतो का.

म्हणजे माझ्याशिवाय त्याचं बरं चाललंय. चांगलंच आहे. मग मला परतीच्या बसमध्ये रडू का यावं?

९ फेब्रुवारी

वर्गात असताना शाळेच्या कचेरीत रोझ बेलच्या दुकानदाराचा फोन आला. बा पडला. घोट्याचं हाड मोडलंय, इस्पितळात नेलंय. मुलं तशीच सोडून निघाले.

१० फेब्रुवारी, रोझ बेल

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

इस्पितळात बा औषधाच्या गुंगीत होता, कपाळावर हात ठेवला तरी उठला नाही. त्याचे कपडे न्यायला घरी आले. कुंतीमावशी माझ्याआधी दारात. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत:

"मोटरचा आवाज आला म्हणून धावली मी. शेडमधी गेली तर तुझा बा खाली पडलेला, सगळी जमीन ओली, आणि गाडी आपली उभी, चालू! मी बंद कराया गेली तर माझा हात धरला. म्हणाला, लेस ली, कुंती, राहू दे. लांबवर ऐकू जातंय."

पेट्रोल संपेपर्यंत त्याने ती बंद करू दिली नाही. मग लोकांना बोलवू दिलं.

तीन आठवडे तो हेच करत होता. भांड्यामागून भांडं पाणी उकळून टाकी धुवायची आणि लगेच चुलीजवळ वाळवायची. साखर गरम पाण्यात विरघळते. पहिलीच्या पोरांना कळतं. मी घासलेट ओतत राहिले, कारण पाणी लावू नको असं मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. त्याच पाण्यावरून त्याचा पाय घसरला.

शेडमध्ये गेले. बैठकीला हात लावला, अजून साडीची जाळी तशीच आहे. मॅग्नेटोचं झाकण उघडलं. आत दातेरी चाक. फिनिक्सचं नाही, आपलं, अस्सल, पितळेचं, आणि दातांच्या खाचांत वाळलेली लाल माती.

घरात आले, देवाच्या फळीपुढचा पडदा बाजूला केला. उंदीर दोन तुकड्यांत ठेवलेला होता, जवळ फुलं वाहिलेली. पोट पोकळ. आतल्या मातीवर गोल ठसा, एकेक दात मोजता येईल असा. मावशी मागून म्हणाली, तू गेलीस त्याच रात्री फोडला, हातोडीने, आणि देवापुढं नाक घासलं. मला म्हणाला पोरीला सांगू नको.

मी बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन उभी होते. पुन्हा पुन्हा उघडायला लावलेलं बेअरिंग, वाटीभर साखर, दोन वेळा मागितलेला भात. मला वाटत होतं त्याला दिसत नाही.

रागही आला, खूप. सहा महिने माझे हात सोलत होते आणि तो देवापुढे बसून उंदरावर माती लिंपत होता. पण मग विचारलं स्वतःला, कुठं जायाचं हाय असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा मी काय सांगितलं? कुठं नाही. आठ वर्षांपूर्वी सत्यदेवनेही तेच सांगितलं होतं: कुठं नाही बा, दोन वर्षांत येतो.

११ फेब्रुवारी

इस्पितळात बा जागा होता. पाय प्लास्टरमध्ये, चेहरा भिंतीकडे. मी कपडे ठेवले, संत्रं सोललं. विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. पण फोड हातात देताना तोंडून निघालंच.

"बा, उंदीर फुटला."

तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "म्हातारा झालता तो. घाबरायचा. घरातलं काय बाहेर जाऊ नये म्हणून गिळून बसायचा."

मी त्याचा हात धरला. नखांत अजून ग्रीस होतं. दोघांनी मिळून संत्रं संपवलं.

१३ मार्च

जमुनाबाईंची खोली सोडून आठवडा झाला. गाडीवरून रोज जाते, रोज येते. पहाटे क्युरपीपला धुकं असतं, साडीवर रेनकोट चढवते. परवा पोर्ट लुईच्या अलीकडे भिजून चिंब झाले, काल साखळी निसटली, रोज काहीतरी कुरकुरतं. पाठ दुखते. किती दिवस जमेल माहीत नाही. बाचा पाय नीट जोडला जाईल की नाही तेही डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. काळजी संपलेली नाही, फक्त ती आता एकाच घरात राहते.

संध्याकाळी वळणावर आले की तो ओसरीत बसलेला दिसतो, पाय स्टुलावर. कुंतीमावशी सांगते, गाडी बाजारापाशी असतानाच त्याला कळतं आणि तो तिला चहा ठेवायला लावतो.

आज आले तर मांडीवर पाट, पाटावर मातीचा गोळा. गणपती अजून सहा महिने लांब. म्हणाला, घर राखणीशिवाय बरं नाय. शेपूट वळवून झाली होती. अंगठा पोटाशी थांबवून त्याने विचारलं,

"पोकळ करू, का भरीव?"

मी गाडी बंद केली, हेडलाइटवरचे किडे पुसले, आणि म्हटलं, "भरीव कर, बा."